शेवटच्या षटकाचा हिशेब

इंदूरच्या होळकर मैदानावर १९ ऑक्टोबर २०२५ रोजी विश्वचषक स्पर्धेतील साखळी सामन्यात भारतीय महिला संघ इंग्लंडकडून अवघ्या चार धावांनी पराभूत झाला. विजयासाठी २८९ धावा हव्या होत्या. सांगलीची स्मृती मानधना ८८ धावा काढून बाद झाली, तेव्हा ५२ चेंडूंत ५५ धावा आणि हाती सहा गडी, असा सोपा वाटावा असा हिशेब उरला होता. तो चुकला. अखेरच्या षटकात चौदा धावांची गरज असताना नऊच निघाल्या. दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया यांच्यापाठोपाठ झालेला हा सलग तिसरा पराभव होता. साहजिकच दुसऱ्या दिवशी देशभर एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : या पराभवाचा धनी कोण?

उत्तर शोधण्यास फार वेळ लागला नाही. जेमिमा रॉड्रिग्ज या फलंदाजास त्या सामन्यातून वगळून रेणुका सिंग या गोलंदाजास संघात घेण्यात आले होते. चार धावा कमी पडल्या आणि एक फलंदाज कमी होता, ही बेरीज कोणालाही करता येण्याजोगी होती. त्यामुळे प्रशिक्षक अमोल मुझुमदार आणि संघाचे धुरीण यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. एखाद्या निर्णयाची किंमत त्याच्या फळावरून ठरविण्याची ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. परीक्षेच्या निकालावरून शिक्षकाची आणि मोसमाच्या अखेरीवरून शेतकऱ्याची पारख करणारा समाज खेळाच्या मैदानावर वेगळे वागेल, अशी अपेक्षाही करता येत नाही.

परंतु हा निर्णय झाला त्या वेळची परिस्थिती नजरेआड करून चालणार नाही. आधीचे दोन्ही पराभव गोलंदाजीच्या उणिवेतून झाले होते. विशाखापट्टणम येथे ९ ऑक्टोबरला दक्षिण आफ्रिकेची अवस्था पाच बाद ८१ अशी असतानाही त्या संघाने २५२ धावांचे लक्ष्य गाठले. त्याच मैदानावर १२ ऑक्टोबरला भारताच्या ३३० धावाही ऑस्ट्रेलियाला अपुऱ्या ठरल्या. पाच गोलंदाजांवर भागत नाही, सहावा हवा, हा निष्कर्ष अविचाराचा नव्हता. इंग्लंडने त्या दिवशी पाच धावा कमी केल्या असत्या, तर याच निर्णयाला दूरदृष्टी म्हटले गेले असते. बैल गेल्यावर झोपा करणारे शहाणपण निर्णयाच्या घडीला कोणाच्याही उपयोगी पडत नसते.

याची दुसरी बाजू त्याच स्पर्धेत पाहावयास मिळाली. नवी मुंबईत २ नोव्हेंबर रोजी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यात कर्णधार हरमनप्रीत कौर हिने क्वचितच गोलंदाजी करणाऱ्या शफाली वर्मा हिच्या हाती चेंडू दिला. शफालीने दोन महत्त्वाचे गडी बाद केले आणि भारताने ५२ धावांनी विश्वचषक जिंकला. या निर्णयाचे कौतुक झाले, ते योग्यच होते. मात्र शफालीच्या दोन षटकांत तीस धावा गेल्या असत्या, तर तोच निर्णय पोरकटपणाचा ठरला असता, हेही तितकेच खरे. निर्णय आणि निकाल यांच्यामध्ये दैव, प्रतिस्पर्ध्याचे कर्तृत्व आणि खेळपट्टीचा लहरीपणा उभा असतो.

याचा अर्थ प्रशिक्षकाला कोणी जाब विचारू नये असा नाही. जाब विचारलाच पाहिजे. मात्र योग्य प्रश्न विचारले पाहिजेत. निर्णयामागे कारण होते काय? ज्या खेळाडूला त्याची झळ बसली, तिला ते कारण समोर बसवून सांगितले गेले काय? आणि निर्णय फसला असे दिसताच तो बदलण्याची तयारी होती काय? या तीन कसोट्यांवर प्रशिक्षकाचे मोल ठरावे.

इंदूरच्या पराभवानंतर जे घडले ते या दृष्टीने उद्बोधक आहे. पराभवाचा दोष स्मृती मानधना हिने स्वतःच्या फटक्याकडे घेतला. जेमिमाला वगळण्यामागचे कारणही तिने उघडपणे सांगितले. प्रशिक्षकांनी संघाला बंद खोलीत खडे बोल सुनावले. आणि चारच दिवसांनी न्यूझीलंडविरुद्ध जेमिमाला केवळ परत घेतले नाही, तर तिसऱ्या क्रमांकावर बढती दिली. तिने नाबाद ७६ धावा केल्या. पुढे ३० ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिची नाबाद १२७ धावांची खेळी निर्णायक ठरली. त्या विजयानंतर, स्पर्धेच्या काळात आपल्याला मनाच्या अस्वस्थतेने ग्रासले होते व अनेकदा रडू आवरत नव्हते, हे तिने जाहीरपणे सांगितले. फळ्यावर लिहिलेल्या अकरा नावांतून एक नाव पुसणे हे प्रशिक्षकाच्या दृष्टीने डावपेचाचे काम असते. पुसल्या गेलेल्या मुलीला त्याच रात्री झोप लागत नाही. ही जाणीव ज्याला आहे, त्यालाच नाव पुसण्याचा अधिकार शोभतो.

याउलट सात वर्षांपूर्वीचा दाखला आहे. अँटिगा येथे २२ नोव्हेंबर २०१८ रोजी झालेल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मिताली राज हिला वगळण्यात आले. त्याच स्पर्धेत तिने पाकिस्तान व आयर्लंडविरुद्ध अर्धशतके केली होती. भारताचा डाव ११२ धावांत आटोपला आणि इंग्लंडने आठ गडी राखून सामना जिंकला. जिंकलेल्या संघात बदल नको, हे त्या निर्णयाचे समर्थन अगदीच टाकाऊ नव्हते. परंतु खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्यातील संवाद तुटला होता. सामन्यानंतर मिताली राज हिने नियामक मंडळाला पत्र लिहून अपमानास्पद वागणुकीची तक्रार केली. प्रशिक्षक रमेश पोवार यांनी अहवालातून उलट आरोप केले. हरमनप्रीत आणि स्मृती यांनी प्रशिक्षकांची बाजू घेतली. एका सामन्याच्या निवडीवरून संघ दुभंगलेला देशाने पाहिला. निर्णय चूक की बरोबर, हा मुद्दा त्या धुरळ्यात कोठल्या कोठे हरवला.

आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. लॉर्ड्सवरील २०१७ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात तीन बाद १९१ वरून भारताचा डाव २१९ धावांत संपला व नऊ धावांनी पराभव झाला. केपटाऊन येथे २०२३ च्या टी-ट्वेंटी उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने पाच धावांनी हरविले. इंदूरला चार धावा कमी पडल्या. प्रशिक्षक बदलले, खेळाडू बदलले, तरी शेवटची घडी अवघडच राहिली. दर वेळी एका चुकीच्या निर्णयाकडे बोट दाखविणाऱ्यांना या सातत्याचा उलगडा करता येत नाही. शेवटच्या षटकात काय करावयाचे हे शेवटच्या षटकात ठरत नाही. ते सरावाच्या शेकडो सायंकाळी ठरलेले असते, किंवा ठरवावयाचे राहून गेलेले असते.

राष्ट्रीय संघाची ही मीमांसा सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांना दूरची वाटण्याचे कारण नाही. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात ते शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले, तेव्हापासून विभागीय व आंतरविभागीय स्पर्धांत मुलींचे संघ उतरत आले आहेत. कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल यांच्या मैदानांवर शेवटच्या दोन मिनिटांत हातचे सामने निसटताना प्राध्यापक व विद्यार्थी यांनी पाहिले असतील. अशा वेळी दोष कोणावर येतो? ज्या मुलीच्या हातून चेंडू सुटला तिच्यावर, नाहीतर बाकावर बसलेल्या सरांवर. त्या सरांच्या वाट्याला सरावाचे किती दिवस आले होते, हे कोणी विचारत नाही.

बास्केटबॉलचेच उदाहरण घ्यावे. चाळीस मिनिटांच्या या खेळात प्रशिक्षकाच्या हाती उत्तरार्धात एकेक मिनिटाची तीनच विश्रांती असतात. त्यांतील दोनांहून अधिक शेवटच्या दोन मिनिटांत घेता येत नाहीत. पाचव्या चुकीला खेळाडू बाहेर जाते. चार चुका झालेल्या उत्तम खेळाडूला मैदानात ठेवावे की शेवटासाठी राखून ठेवावे, दोन गुणांची पिछाडी असताना वेळ मागावी की खेळ चालू द्यावा, हे प्रश्न भल्याभल्यांना चकवितात. ज्या संघाने अशा प्रसंगांची तालीम वर्षभर केली आहे, त्याला त्या एका मिनिटात दोन शब्दांची खूण पुरते. स्पर्धेच्या आठ दिवस आधी गोळा केलेल्या संघाला त्याच मिनिटात सारा खेळ शिकवावा लागतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार होय.

अनेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाचा एकच संचालक क्रिकेटपासून कुस्तीपर्यंत सर्व संघ सांभाळतो, प्रवेशिका भरतो, प्रवासाची व्यवस्था पाहतो आणि परीक्षेच्या पर्यवेक्षणालाही जुंपला जातो. मुलींच्या संघाचा सराव बस सुटण्याच्या वेळेपूर्वी आटोपावा लागतो. अशा परिस्थितीत प्रशिक्षकाच्या शेवटच्या निर्णयावर खल करणे म्हणजे पाया न घालता कळसाची चर्चा करणे आहे.

या मातीत गुणांची वाण नाही, हे वेगळे सांगावयास नको. माधवनगर-सांगलीच्या परिसरात वाढलेल्या स्मृती मानधनाची नवव्या वर्षी पंधरा वर्षांखालील महाराष्ट्र संघात निवड झाली होती. तिच्या खेळाला अनंत तांबवेकर यांचे मार्गदर्शन लाभले. साताऱ्याच्या आदिती स्वामी हिने सतराव्या वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, बर्लिन येथे तिरंदाजीचे जागतिक विजेतेपद मिळविले. तिला प्रवीण सावंत यांनी साताऱ्यातच घडविले. दोघींच्या यशामागे गुणांइतकेच गावातील मार्गदर्शकाने वर्षानुवर्षे दिलेले लक्ष आहे. महाविद्यालयीन संघांतील मुलींना नेमके हेच मिळत नाही.

तेव्हा विद्यापीठाने आणि संस्थाचालकांनी काही गोष्टी मनावर घ्याव्यात. प्रत्येक महाविद्यालयाने निदान एका सांघिक खेळासाठी मुलींना पूर्ण वर्षाचा प्रशिक्षक द्यावा; लहान महाविद्यालयांनी शेजारच्या दोघा-तिघांत मिळून तो नेमावा. पूर्वी विद्यापीठाकडून खेळलेल्या अनेक स्त्रिया आज याच दोन जिल्ह्यांत शिक्षिका आहेत, कारकून आहेत, संसारात आहेत. त्यांच्या अनुभवाला मानधनासह जागा करून द्यावी. संघ निवडताना वगळलेल्या मुलीला कारण सांगण्याची प्रथा पाडावी. सामना हरल्यावर दोन दिवसांनी, राग ओसरल्यावर, प्रशिक्षकासह सर्वांनी बसून काय ठरले होते व काय घडले याची टाचणे करावीत. यांतील पहिल्या दोन गोष्टींना थोडा पैसा लागेल. उरलेल्या दोहोंना केवळ मनाचा मोठेपणा लागतो.

इंदूरला हरलेला संघ चौदा दिवसांनी जगज्जेता झाला, याचे श्रेय एखाद्या चमत्काराला देण्याची गरज नाही. चूक मान्य करण्याचे धैर्य, वगळलेल्या खेळाडूवर पुन्हा टाकलेला विश्वास आणि वर्षानुवर्षांची तयारी यांचे ते फळ होते. सातारा-सांगलीच्या एखाद्या महाविद्यालयाचा संघ एका गुणाने हरून रात्रीच्या एस.टी.ने परत येईल, तेव्हा त्या मुलींना पुढच्या सोमवारी मैदानावर कोणी वाट पाहत आहे काय, यावर त्यांचे पुढचे खेळणे अवलंबून राहील. हरलेल्या सामन्याचा निकाल बदलता येत नाही. तो सोमवार मात्र संस्थांच्या हाती आहे.