समितीची खुर्ची आणि खामचा काठ

आपल्याकडे समिती स्थापन होणे ही फारशी अवघड गोष्ट नाही. एक सभा, एक अध्यक्ष, दोन कार्याध्यक्ष, निमंत्रितांची लांबलचक यादी आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छायाचित्र, एवढ्यावर समितीचा जन्म होतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच तिची इतिश्री होते. शांतता समिती, दक्षता समिती, सुशोभीकरण समिती अशा कितीतरी समित्यांचे फलक प्रत्येक शहराने पाहिले आहेत. छत्रपती संभाजीनगरही त्याला अपवाद नाही. परंतु याच शहरात २०१८पासून नागरिकांच्या पुढाकारातून काही कामे अशी उभी राहिली, की ज्यांचे पदाधिकारी कोण हे सामान्य माणसाला सांगता येणार नाही, काम मात्र बोट ठेवून दाखवता येईल. नगरव्यवस्थेत समाजाचा सहभाग म्हणजे नेमके काय, याचा विचार करायचा तर परिसंवादापेक्षा या कामांकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

१६ फेब्रुवारी २०१८ रोजी नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीन दशकांहून अधिक काळ सगळ्या शहराचा कचरा या गावाच्या अंगावर टाकला जात होता. विहिरींचे पाणी नासले होते, धुराने आणि दुर्गंधीने जगणे मुश्किल झाले होते. निवेदने झाली, आंदोलने झाली, आश्वासने मिळाली आणि विरली. शेवटी गावाने रस्ता रोखला आणि दररोज सुमारे चारशे टन कचरा निर्माण करणारे शहर एकाएकी आपल्याच कचऱ्यासमोर उभे राहिले. पर्यायी जागा शोधत गाड्या जिथे जातील तिथे विरोध होऊ लागला. ७ मार्च रोजी मिटमिटा येथे त्याचा भडका उडाला. दगडफेक, जाळपोळ, लाठीमार हे सारे घडले. महापालिका आयुक्तांची बदली झाली, पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नारेगावला कचरा टाकण्यास मनाई केली. रस्त्यांच्या कडेला, चौकाचौकांत, ऐतिहासिक दरवाजांच्या पायथ्याशी कचऱ्याचे ढीग साचले. जगभरातील पर्यटक वेरूळ-अजिंठ्याला जाण्यासाठी ज्या शहरात उतरतात, त्या शहराची ओळख काही महिने 'कचऱ्याचे शहर' अशी झाली.

या प्रसंगात प्रशासनाचा नाकर्तेपणा उघड होता आणि त्यावर टीका करणे सोपे होते, ती पुष्कळ झालीही. मात्र एक प्रश्न फार थोड्यांनी स्वतःला विचारला. हा चारशे टन कचरा कुणाचा? कचरा वेगळा करण्याची सक्ती २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच केली होती. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग प्रत्येक घराने करायचे होते. आपण मात्र कालचा भात, दुधाची पिशवी, फुटलेली काच आणि औषधाची सुई एकाच बादलीत टाकून ती बादली दारापलीकडे ठेवत होतो. दारापलीकडचे जग महापालिकेचे, ही आपली ठाम समजूत. ओला कचरा वेगळा राहिला तर त्याचे खत होते, सुका वेगळा राहिला तर तो विकला जातो. दोन्ही एकत्र झाले की त्याचा डोंगर होतो, तो आतून पेटतो आणि त्यातून झिरपणारे काळे पाणी कुणाच्या तरी विहिरीत उतरते. नारेगावच्या विहिरीत उतरले ते आपल्या स्वयंपाकघरातून गेले होते.

ज्यांनी हा प्रश्न विचारला त्यांनी कामाला हात घातला. 'सिव्हिक रिस्पॉन्स टीम' या नावाने एकत्र आलेले नागरिक, काही उद्योजक, गृहिणी, महाविद्यालयीन तरुण वसाहतींमध्ये जाऊ लागले. कचरा वेगळा कसा करायचा हे एकेका घरी सांगणे, सफाई कामगारांना प्रशिक्षण देणे, कचरा वेचणाऱ्या महिलांना या व्यवस्थेत जागा मिळवून देणे, अशी ही कामे. त्यात भाषणाला वाव नाही आणि हारतुऱ्यांचा तर प्रश्नच नाही. पहिल्या दिवशी वेगळा झालेला कचरा चौथ्या दिवशी पुन्हा एकत्र येतो आणि पुन्हा त्याच दारावर जावे लागते. पुढे चिकलठाणा, पडेगाव, कांचनवाडी येथे प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. त्यांचे श्रेय शासनाचा निधी आणि न्यायालयाचा रेटा यांना आहेच. पण कितीही मोठे यंत्र आणले तरी त्यात मिसळलेला कचरा गेला की ते दमते, हे कुठलाही अभियंता सांगेल.

दुसरे उदाहरण खाम नदीचे. या शहराची कथा पाण्याची कथा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी वसवली तेव्हा डोंगरातले पाणी भूमिगत नळांनी गावात आणण्याची योजना आखली गेली. पाणचक्कीचे खेळते पाणी हे त्याच जलविद्येचे फळ. त्या पाणचक्कीला लागून, बेगमपुऱ्याच्या कडेने, जुन्या पुलांखालून खाम वाहते. वाहते हा शब्दही अलीकडेपर्यंत धाडसाचाच होता. हर्सूलकडून येणारी ही नदी शहरात शिरली की तिचा नाला होत असे, आणि दोन पिढ्यांनी तिला नाला म्हणूनच ओळखले. मुलांना गंगा-यमुना-गोदावरीचे श्लोक पाठ, आणि घरामागच्या नदीचे नाव ठाऊक नाही, ही स्थिती किती घरांत होती याचा शोध ज्याने त्याने घ्यावा. खामचे पाणी अखेर गोदावरीच्या खोऱ्यातच जाते. नाथांच्या पैठणला वारीला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नसावी.

२०२१च्या आरंभी महापालिका, छावणी परिषद, 'इकोसत्त्व' ही संस्था आणि 'व्हेरॉक' हा उद्योगसमूह यांनी मिळून खाम पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. पात्रातला कचरा आणि राडारोडा काढणे, काठ सावरणे, स्थानिक झाडे लावणे, लोखंडी पुलाच्या परिसरात लोकांना बसण्या-फिरण्याची जागा करणे, असे त्याचे स्वरूप राहिले. त्यात आठवड्याच्या सुटीच्या दिवशी हातमोजे घालून उतरणारे स्वयंसेवक होते. या कामाची दखल देशाबाहेरही घेतली गेली. अर्थात सांडपाण्याचा शेवटचा थेंब अडेपर्यंत नदी शुद्ध झाली असे म्हणता येणार नाही, आणि तसे कुणी म्हणूही नये. परंतु जिथे नाक दाबून पूल ओलांडावा लागे तिथे लोक सकाळी फिरायला येऊ लागले. लोक एकदा काठावर आले की कचरा टाकणाऱ्याला टोकणारे डोळेही तिथे असतात. नदीसाठी कुंपणापेक्षा ते अधिक मोलाचे.

अशा कामांचे मर्म सातत्यात आहे. आमच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आणि कोण आले कोण नाही याची आस्थेने चौकशी, एवढ्या साध्या गोष्टींवर मोठी कामे उभी राहतात. याच शहरात १९८९मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठानने हेडगेवार रुग्णालय सुरू केले आणि पुढे सेवावस्त्यांमध्ये आरोग्य, शिक्षण, महिलांचे बचत गट अशी कामांची साखळी उभी राहिली. तिथेही आरंभ रोजच्या उपस्थितीतूनच झाला. आपत्तीच्या वेळी आपला कार्यकर्ता धावतो. १९९३च्या सप्टेंबरमध्ये किल्लारीला तो धावला, महापुरात धावतो, महामारीतही धावला. परंतु मंगळवारी सकाळी शेजाऱ्याच्या दारात उभे राहून 'काका, ओला आणि सुका वेगळा द्या' असे सांगणे त्याला अवघड वाटते. आपत्तीत कृतज्ञता मिळते. इथे कपाळावरच्या आठ्या मिळतात.

या समित्यांमधल्या दोन उणिवांबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. पहिली अशी की, नागरिक समिती म्हटली की त्यात डॉक्टर, वकील, प्राध्यापक, उद्योजक, निवृत्त अधिकारी हेच चेहरे दिसतात. ही मंडळी वेळ देतात, पदरमोड करतात, याबद्दल त्यांचे ऋण मानावे. पण खामच्या काठावर राहतो तो समाज वेगळा आहे. तिथे झोपडवस्त्या आहेत, मुस्लिम मोहल्ले आहेत, जुन्या गावातली कष्टकरी कुटुंबे आहेत. पूर आला तर पाणी त्यांच्या घरात शिरते. पलीकडच्या काठाला वगळून अर्धी नदी साफ करण्याची युक्ती अद्याप कुणाला सापडलेली नाही. या शहरातले ताणतणाव आम्ही जाणतो आणि त्यावर या पृष्ठांतून भूमिका घेण्यास कधी कचरलो नाही. तरीही गटार तुंबल्यावर दोन मोहल्ल्यांनी एकत्र बसून पावसाळ्यापूर्वीचे वेळापत्रक ठरवणे, हा नागरी जीवनाचा रोकडा व्यवहार आहे आणि तो करता आलाच पाहिजे.

दुसरी उणीव अधिक बोचरी आहे. कचरा वेचणाऱ्या महिला बहुतांशी वंचित समाजातल्या. त्यांच्या श्रमावर शहराची स्वच्छता उभी आहे आणि समितीच्या बैठकीत खुर्ची मात्र त्यांना नसते. समरसतेवर आपण व्याख्याने ऐकतो. ज्या हातात आपण रोज आपला कचरा देतो, त्या हाताची मालकीण कोण, तिचे नाव काय, हे आपल्या घरात किती जणांना सांगता येईल? पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची संघटना १९९३मध्ये उभी राहिली. तिच्यातून आकाराला आलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८मध्ये महापालिकेशी करार केला आणि घरोघरचा कचरा गोळा करणे हे या कष्टकऱ्यांचे रीतसर काम झाले. विचारधारेचे अंतर असले तरी हे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे.

आता थोडे कायद्याकडे वळू. महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत एप्रिल २०२०मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ पावणेसहा वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. १९८२मध्ये स्थापन झालेल्या या महापालिकेची पहिली निवडणूकही १९८८मध्येच झाली होती, म्हणजे प्रशासकीय राजवटीचा या शहराला जुना परिचय आहे. मधल्या काळात नागरिक समित्यांना महत्त्व आले. प्रशासनालाही त्या सोयीच्या वाटल्या, कारण समिती सूचना करते, जाब विचारत नाही. इथेच धोका होता. स्वयंसेवी समिती ही लोकनियुक्त सभागृहाची जागा घेऊ शकत नाही. तिला कुणी निवडून दिलेले नसते आणि तिला कुणी घरीही बसवू शकत नाही.

जानेवारी २०२६मध्ये मतदान झाले, नगरसेवक आले. आता नेमका उलटा धोका दिसतो. 'लोकांनी आम्हाला निवडून दिले, मग हे कोण?' असे म्हणून समित्यांना दूर सारण्याचा मोह नव्या सभागृहाला होऊ शकतो. बहुसदस्यीय प्रभागात तर आपला नगरसेवक नेमका कोणता, हेच नागरिकाला चटकन सांगता येत नाही. तक्रार एकाकडे न्यावी तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अशा वेळी वस्तीपातळीवरची जागती समिती अधिकच गरजेची ठरते.

यासाठी नवा कायदा करण्याचे कारण नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या. महाराष्ट्राच्या कायद्यात या समित्यांवर त्या भागात काम करणाऱ्या सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नियुक्त करण्याची तरतूद आहे. २००९मध्ये राज्याने क्षेत्रसभेचीही तरतूद केली. गावाला जशी ग्रामसभा, तशी काही मतदान केंद्रांच्या हद्दीतील मतदारांची सभा, आणि ती नगरसेवकाने बोलवायची. ग्रामसभा निदान कागदावर तरी भरते. क्षेत्रसभा भरल्याचे ऐकिवात येत नाही, आणि ती का भरत नाही असे विचारणारे नागरिकही विरळाच.

१९८८पासून लावून धरलेली नामांतराची मागणी २०२३मध्ये पूर्ण झाली आणि शहराला धर्मवीर छत्रपती संभाजी महाराजांचे नाव मिळाले. त्या लढ्यात पिढ्या खपल्या. त्याच चिकाटीचा काही अंश नळाला किती दिवसांनी पाणी येते, नवी पाणीयोजना कुठवर आली आणि खाममध्ये सांडपाणी कुठल्या नाल्यांतून उतरते, या प्रश्नांकडे वळला पाहिजे. २०२०च्या डिसेंबरमध्ये १६८० कोटींच्या योजनेचे भूमिपूजन झाले, पुढे तिचा खर्च २७४० कोटींपर्यंत वाढला. या आकड्यांचा पाठपुरावा करणारी एक समिती प्रत्येक प्रभागात असायला काय हरकत आहे?

प्रभाग समित्यांवरील त्या तीन जागा हा नव्या सभागृहाच्या हेतूंचा पहिला कस ठरेल. पक्षाची तिकिटे हुकलेल्यांची सोय म्हणून त्या वापरल्या जातात, की कचऱ्याच्या आणि नदीच्या कामात वर्षानुवर्षे राबलेल्यांना त्या मिळतात, यावर शहराने लक्ष ठेवावे. आमच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या नगरसेवकाकडे, तो कुठल्याही पक्षाचा असो, क्षेत्रसभेची तारीख लेखी मागावी आणि पोच घ्यावी. सभा भरेल तेव्हा वस्तीतली कचरा वेचणारी महिला पहिल्या रांगेत बसलेली असावी, याची काळजी मात्र आधीच घ्यावी लागेल, कारण तिला निमंत्रण कुठून धाडायचे हे महापालिकेला माहीत नाही.