इमारतीआधी रस्त्याचे गणित

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील वटार, नाळे, राजोडी, निर्मळ ही गावे वाड्यांची. केळी, नारळ, फुले, भाजीपाला यांच्या मधून जाणारे तेथील रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे आहेत. पूर्वेला रेल्वेलगत शहर झपाट्याने वाढले. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीत १२ लाखांहून अधिक लोक मोजले गेले. आता ही वाढ वाड्यांकडे सरकत आहे. नव्या इमारतीची बातमी आली की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात : “एका इमारतीने काय होणार?” आणि “आता रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा उरणार नाही!” या दोन्ही वाक्यांत आकडा नाही. माझे मत असे की, तो आकडा आधी काढला पाहिजे, आणि तो काढणे दहावीच्या विद्यार्थ्याला सहज जमण्यासारखे आहे.

थोर भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी ढोबळ अंदाज बांधण्यात निष्णात होते. १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुस्फोटाच्या वेळी ते सुमारे १६ किलोमीटर दूर उभे होते. हवेचा धक्का येताच त्यांनी हातातील कागदाचे कपटे सोडले. कपटे सुमारे अडीच मीटर सरकले. त्यावरून स्फोट १० हजार टन टीएनटीइतका असावा, असे त्यांनी सांगितले. प्रत्यक्षात तो २० हजार टनांहून थोडा अधिक निघाला. कागदाच्या कपट्यांवरून काढलेले उत्तर दुपटीच्या आसपास बरोबर आले, हे लक्षात ठेवा.

आता तीच रीत वटारला लावू. समजा, तेथे २०० घरांची इमारत झाली. सकाळी प्रत्येक घरातून सरासरी दीड माणूस कामाला किंवा महाविद्यालयात जाण्यासाठी बाहेर पडतो असे धरू. म्हणजे ३०० माणसे. त्यांतील निम्मी, म्हणजे १५०, गर्दीच्या एका तासात निघतात. समजा, ६० जण एकेकटे दुचाकीवर, ६० जण तिघे-तिघे मिळून रिक्षाने, २० जण दोघे-दोघे मोटारीने, आणि उरलेले १० बसने किंवा पायी जातात. म्हणजे ६० दुचाक्या, २० रिक्षा, १० मोटारी. पण स्थानकाकडे जाणारी रिक्षा आधी रिकामी येते! म्हणून रिक्षांच्या फेऱ्या ४० धरा. एकूण ११० वाहने. म्हणजे दर ३३ सेकंदांना एक.

सर्व वाहने रस्त्याची सारखीच जागा अडवीत नाहीत. म्हणून इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था प्रत्येक वाहनाचे मोजमाप मोटारीच्या पटीत करते. शहरी रस्त्यांसाठीच्या तिच्या १९९० च्या कोष्टकात, दाट मिश्र वाहतुकीत दुचाकीला ०·७५, मोटारीला १ आणि रिक्षाला २ असा भार दिला आहे. त्यानुसार ४५ + १० + ८० = १३५. दोन पदरी दुतर्फा दुय्यम रस्त्याची क्षमता त्याच कोष्टकात ताशी ९०० आहे. म्हणजे एकटी इमारत १५ टक्के क्षमता खाते. वाडीतून जाणाऱ्या एकेरी रुंदीच्या रस्त्याची क्षमता याहून कितीतरी कमी असणार.

गृहीतके चुकली तर? घरामागे १ ते २ माणसे आणि गर्दीच्या तासात एकतृतीयांश ते दोनतृतीयांश, अशा टोकाच्या किमती घेतल्या, तर बाहेर पडणारी माणसे ६७ ते २६७ येतात. उत्तर साधारण दुपटीने इकडे-तिकडे जाते, दसपटीने नव्हे. निर्णयाला एवढे पुरते.

यातूनच खरी मेख कळते. एक इमारत १५ टक्के म्हटल्यावर चिंता वाटत नाही. अशा पाच झाल्या की ७५ टक्के होतात, आणि आधीची वाहतूक तर आहेच! प्रत्येक इमारत स्वतंत्रपणे तपासली, तर प्रत्येक वेळी उत्तर ‘चालेल’ असेच येते. म्हणून बेरीज एकत्रच केली पाहिजे.

यासाठी परदेशी आकडे उसने घेऊ नयेत. अमेरिकेत स्वतंत्र घरामागे दिवसाला सुमारे साडेनऊ वाहनफेऱ्या धरतात. तेथे जवळपास प्रत्येक कामाला मोटार लागते. आपल्याकडे शेअर रिक्षा, बस आणि लोकल आहे. आपला आकडा आपणच मोजावा. आधीपासून वस्ती असलेल्या एखाद्या इमारतीच्या फाटकाबाहेर सुरक्षित जागी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, सकाळी तासभर बसा. प्रत्येकाने एकेका प्रकारची वाहने मोजावी, आत येणारी व बाहेर जाणारी वेगळी. वार मंगळवार किंवा बुधवार असावा. बेरजेला घरांच्या संख्येने भागा, की माझ्या वरच्या गृहीतकांची जागा तुमचे मोजमाप घेईल.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना ठरावीक मुदतीत हरकती व सूचना देता येतात. तेथे ‘फार गर्दी होईल’ हे वाक्य सहज बाजूला सारता येते. मोजणीचा तक्ता जोडलेल्या हरकतीला मात्र उत्तर द्यावे लागते. घरे लोकांना हवीच आहेत. पण त्याच रस्त्याने, पदपथ नसताना, मुले शाळेत चालत जातात. तेव्हा शिक्षकांनी यंदाच्या विज्ञान प्रकल्पांत वाहनमोजणी अवश्य घ्यावी. साहित्य लागते ते फक्त वही, पेन्सिल आणि घड्याळ.