दिवाळीत घरातल्या पोपटाला सांभाळा
पक्षी पाळणाऱ्या कुटुंबांना जाहीर आवाहन



दिवाळी तोंडावर आली आहे. घरोघरी रंगकाम, साफसफाई, फराळाची गडबड सुरू होईल. नेमक्या याच दिवसांत घरातल्या बजी, कॉकटील, लव्हबर्ड यांचे हाल होतात. धूर आणि आवाज तर असतोच, शिवाय त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड नसते. थोडी आधी तजवीज केली, तर यातलं बरंचसं टळेल. म्हणून ही कळकळीची विनंती.

स्वयंपाकघर आणि धूर : पक्ष्याच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते आणि शरीरात हवेच्या पिशव्या असतात. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू त्याला यातून मिळतो, पण हवेतलं विषही तितक्याच झपाट्याने भिनतं. नॉनस्टिक भांडं गॅसवर रिकामं तापत राहिलं, तर त्यातून निघणाऱ्या वायूंनी पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. आपल्याला तोवर पत्ताही लागत नाही. चिवड्यासाठी लोखंडी किंवा स्टीलची कढई काढा आणि पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर यांपैकी काहीही त्याच्या खोलीत नको. रंग काढणार असाल, तर वास पुरता जाईपर्यंत पक्ष्याची सोय नातेवाइकांकडे करा.

फटाके : संध्याकाळ होण्याआधीच पिंजरा आतल्या खोलीत न्या, खिडक्या लावा, तीन बाजूंनी जाड चादर टाका. दिवा मात्र पूर्ण मालवू नका. काळोखात दचकलेला कॉकटील पिंजऱ्यावर धडका घेतो आणि नव्या पिसांची देठं मोडून रक्त येतं. मंद उजेड असला की त्याला निदान बसायची दांडी सापडते.

पाहुणे : सतत दार उघडं राहणार असेल, तर पक्षी बाहेर काढू नका. एरवीही पंखा बंद केल्याशिवाय पिंजऱ्याचं दार उघडू नये.

फराळ : शेव-चकलीतलं मीठ आणि तेल त्याला सोसत नाही. चॉकलेट, कांदा आणि अव्होकाडो त्याच्यासाठी विषारी आहेत. मुलांना आणि पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवा. लाड करायचेच असतील, तर मक्याचं कणीस, गाजर, शेवग्याचा पाला द्या. हिरवी मिरचीही चालते, पक्ष्यांना तिखट लागत नाही. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पक्ष्याला ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं, हे वर्षभर लक्षात असू द्या.

आता स्वभावाबद्दल. “आमचा फार ओरडतो”, “चावरा झालाय”, “स्वतःचीच पिसं उपटतो” ही गाऱ्हाणी नेहमीची आहेत. आजार नाही याची पशुवैद्यकांकडून खात्री झाली, तर बहुतेक वेळा मूळ कारण एकच निघतं : त्याला दिवसभर काही उद्योगच नसतो. रानातला पोपट दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात, सोलण्यात, कुरतडण्यात घालवतो. आपण मात्र वाटी भरून समोर ठेवतो आणि त्याचं काम दहा मिनिटांत संपतं. कोऱ्या कागदाच्या तुकड्यात दोन-तीन दाणे ठेवून पीळ द्या आणि ती पुडी गजात खोचा. तो आधी मान वाकडी करून बघेल, मग चोचीने टोक ओढेल, कागदाच्या चिंध्या करेल. अशा चार पुड्या म्हणजे सकाळभराचा उद्योग. कडुनिंबाची धुतलेली, औषध न फवारलेली फांदीही चालेल.

ओरडला म्हणून त्याच्यावर ओरडू नका. आपण आवाज दिला, की त्याला उत्तर मिळाल्यासारखं होतं. तो हळू आवाजात बोलेल तेव्हा शीळ घालून प्रतिसाद द्या. कॉकटीलने तुरा डोक्याला चपटा चिकटवला आणि फुसफुस सुरू केली, की हात मागे घ्या. ही सूचना पाळली, तर चावण्याची पाळी येत नाही. रात्री दहा-बारा तास निवांत झोप मिळू द्या. अंग फुगवून, डोळे मिटून दिवसा पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला पक्षी आजारी समजा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा. पक्षी दुखणं लपवतात. ते दिसू लागतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

शेवटी, सणाची भेट म्हणून पोपट आणायचा विचार असेल, तर थांबा. आपला हिरवा पोपट, पहाडी पोपट यांना पकडणं, विकणं, पाळणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे. ढोलीतून काढलेली पिल्लंच बाजारात येतात. आपण विकत घेतलं नाही, तर ती काढायला कोणी जाणार नाही. घरात असा पोपट असेल, तर तो परस्पर सोडून देऊ नका. माणसाळलेल्या पक्ष्याला बाहेर तग धरता येत नाही. वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा. मकाव, आफ्रिकन ग्रे यांसारखे परदेशी पोपट असतील, तर 2024 च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर त्यांची नोंदणी करणं बंधनकारक आहे.

ज्यांच्याकडे पक्षी नाही, त्यांनाही एक विनंती : शेजारच्या खिडकीत पिंजरा दिसला, तर फटाके इमारतीपासून दूर, मोकळ्या मैदानात उडवा. आणि पक्षी पाळणाऱ्यांनो, जवळच्या पक्षीतज्ज्ञ पशुवैद्यकांचा फोन नंबर आणि सुट्टीतल्या वेळा आजच विचारून फ्रिजवर चिकटवा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री शोधाशोध करायला वेळ मिळणार नाही.

आपले,
परिसरातील पक्षीपालक रहिवासी