स्लॅबखालचे टेकू

पावसाळा सरला आणि दसरा-दिवाळी आटोपली, की आमच्या शहरांच्या वाढत्या वेशींवर घरबांधणीला भर येतो. आयुष्यभराच्या बचतीत कर्जाची भर घालून चार खोल्या उभारू पाहणारा मध्यमवर्गीय गृहस्थ सिमेंटची पोती मोजून घेतो, कांबींचे वजन आपल्या डोळ्यांदेखत करवितो, वाळूत माती किती आहे हे पाण्यात घोळवून पाहतो. ही दक्षता स्तुत्यच आहे. परंतु हे सारे साहित्य एकदा ओले होऊन डोक्यावर चढले, म्हणजे ते ज्या फळ्यांवर व टेकूंवर कित्येक दिवस तोलून धरावयाचे, त्यांच्याकडे त्याची नजर सहसा वळत नाही. ते काम सेंटरिंगवाल्याचे, अशी त्याची समजूत असते. अभियंत्याच्या नकाशात प्रत्येक कांबीची जागा दाखविलेली असते. टेकूंची मात्र रेघही बहुधा नसते.

आम्ही काही स्थापत्यविशारद नव्हे. पण येथे लागणारे गणित शाळेतल्या मुलालाही येण्याजोगे आहे. साडेबारा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबच्या एका चौरस मीटरचे वजन सुमारे ३०० किलो भरते. साडेतीन मीटर रुंद व साडेचार मीटर लांब अशा एका खोलीवर जवळजवळ पाच टन ओला माल येऊन पडतो. घमेली वाहणारी माणसे, त्यांची धावपळ, व्हायब्रेटरचे हादरे आणि एकाच जागी ओतलेला ढीग हे सारे त्याखेरीज. खांबाची गोष्ट याहून फसवी आहे. ओले काँक्रीट पाण्यासारखे बाजूंनी रेटते, आणि हा रेटा खांबाच्या रुंदीवर नव्हे तर उंचीवर अवलंबून असतो. तीन मीटरचा खांब एका दमात भरला, तर साच्याच्या तळाशी दर चौरस मीटरला सात टनांपर्यंत दाब येऊ शकतो. म्हणूनच साच्याचे पट्टे वरपेक्षा खाली अधिक जवळजवळ आवळावे लागतात. प्रत्यक्षात किती ठिकाणी ते सर्वत्र सारख्याच अंतरावर, आणि तेही तारेच्या एका वेढ्यावर भागविलेले दिसतात!

टेकू मोडतो तो चिरडून नव्हे. तो वाकून मोडतो. जितका उंच, तितका दुबळा. उंची दुप्पट झाली, की त्याची शक्ती चौथाईवर येते. उलट, तोच टेकू मध्यावर दोन्ही दिशांनी घट्ट बांधला, तर तो तत्त्वतः चौपट भार पेलतो. दोनचार आडव्या बल्ल्या आणि काही तिरपी बंधने एवढाच हा खर्च. पण 'आजवर काही झाले नाही' या एका वाक्यावर तो वाचविला जातो. दोन तुकडे जोडून केलेला टेकू, विटांच्या चवडीवर उभा केलेला टेकू, जोत्यातील न चोपलेल्या मुरुमावर फळीवाचून टेकविलेला टेकू हे आमच्या बांधकामांवरील नित्याचे देखावे होत. त्या मुरुमात रात्री पाण्याचा पाइप उघडा राहिला, की सकाळी पाचर सैल पडलेली असते.

२९ जुलै २०१६ रोजी पुण्यात बालेवाडी येथे एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर स्लॅबचे काम चालू असता तो कोसळला आणि ९ मजूर प्राणास मुकले. असे मोठे अपघात वर्तमानपत्रांत येतात, चौकशीस पात्र ठरतात. लहान बंगल्याचा स्लॅब खचून एखाद्या परप्रांतीय मजुराचा पाय कायमचा निकामी होतो, तेव्हा चौकशी कोण करतो? १९९६ साली संसदेने बांधकाम कामगारांसाठी जो कायदा केला, त्याने दहा लाखांपर्यंत खर्चाचे स्वतःचे राहते घर आपल्या कक्षेबाहेरच ठेवले होते.

दुसरा धोका टेकू काढण्याच्या घाईचा, आणि ती घाई केवळ आपल्याकडील अज्ञानाची समजू नये. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात २ मार्च १९७३ रोजी बांधकाम चालू असलेली एक बहुमजली इमारत अंशतः कोसळून १४ कामगार मेले. काँक्रीटला पुरते बळ येण्यापूर्वीच वरच्या मजल्याखालील टेकू काढले गेले होते, असे चौकशीत दिसून आले. भारतीय मानक ४५६, सन २००० चे, म्हणते की साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू निदान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावेत. सहा मीटरपर्यंतच्या तुळईचे १४ आणि पुढे २१. हे आकडेही साध्या पोर्टलंड सिमेंटचे, आणि पारा १५ अंशांखाली उतरत नसेल तेव्हाचे. आज बहुतेक घरमालक जे राखमिश्रित सिमेंट घेतात ते सावकाश बळ धरते, आणि नाशिक-पुण्याच्या थंडीतील रात्री १५ अंशांची मर्यादा पाळीत नाहीत. अशा वेळी मुदत वाढविली पाहिजे हे उघड आहे. सज्जाच्या बाबतीत तर टेकू काढण्याचा क्रमही महत्त्वाचा: मोकळ्या कडेकडून आधाराकडे. उलट्या क्रमाने काढल्यास सज्जावर त्याच्या रचनेच्या अगदी विरुद्ध ताण येतो.

मग घाई का होते? सेंटरिंगवाल्याजवळ फळ्या-टेकूंचा संच बहुधा एकच असतो, आणि पुढच्या घराचा मुहूर्त ठरलेला असतो. दर चौरस फुटावर ठरतो, दिवसांवर ठरत नाही. म्हणजे त्याचे टेकू आपल्या घरात जितके जास्त दिवस उभे, तितका त्याचा तोटा. त्याला लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे; पण हा सौदा आपणच असा ठरविलेला असतो.

गृहस्थाने करारातच टेकूंच्या दिवसांचे भाडे वेगळे लिहावे, आणि टेकू उतरविण्याचा दिवस अभियंत्याने लेखी द्यावा. जोत्याची तपासणी करून दाखला देण्याची पद्धत आमच्या नगरपालिकांना ठाऊक आहे. तसाच एक कागद स्लॅब भरण्यापूर्वी, टेकू, बंधने व खालची जमीन पाहून, अभियंत्याच्या सहीने मालकाच्या हाती पडावा. तो पडेपर्यंत मिक्सर सुरू करू नये, नारळ फोडून झाला असला तरी. आणि भरणी चालू असताना पाचरी ठोकण्यास एखाद्या पोराला स्लॅबखाली उभे करण्याची जी चाल आहे, ती मालकाने त्याच दिवशी, त्याच जागी बंद पाडावी.