विश्लेषण : एचआयव्हीच्या उपचारात ‘हिपॅटायटिस बी’ची चाचणी निर्णायक का?

एचआयव्हीबाधितांना रोजच्या गोळीऐवजी दोन महिन्यांतून एकदा इंजेक्शन देण्याचा पर्याय जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये मान्य केला. मात्र त्याला अट आहे. रुग्णाच्या शरीरात ‘हिपॅटायटिस बी’चा विषाणू सक्रिय नसावा. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या अटीमागे यकृत निकामी होण्याचा धोका आहे.

दोन्ही संसर्ग एकत्र का आढळतात?

दोन्ही विषाणू रक्तातून, असुरक्षित लैंगिक संबंधांतून आणि आईकडून बाळाकडे पसरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एचआयव्हीबाधितांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना हिपॅटायटिस बीचाही संसर्ग असतो. भारतात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख, तर हिपॅटायटिस बीचे रुग्ण २०२२ च्या अंदाजानुसार जवळपास तीन कोटी आहेत.

सहसंसर्ग किती घातक?

निरोगी प्रौढाला हिपॅटायटिस बी झाल्यास बहुतेक वेळा शरीर स्वतःच विषाणूवर मात करते. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती घटलेली असेल, तर संसर्ग कायमचा राहण्याची शक्यता वाढते. पुढे सिरोसिस आणि यकृताचा कर्करोगही लवकर गाठतो. अमेरिकेत पुरुषांच्या दीर्घकालीन पाहणीत (२००२) यकृतविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण फक्त हिपॅटायटिस बी असलेल्यांत वर्षाला हजारी ०.८, फक्त एचआयव्ही असलेल्यांत १.७, तर दोन्ही असलेल्यांत १४.२ आढळले होते.

एकच गोळी दोन्हींवर कशी चालते?

सरकारी एआरटी केंद्रांतून मोफत मिळणाऱ्या ‘टीएलडी’ गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे असतात. यातील पहिली दोन हिपॅटायटिस बीलाही आवर घालतात. एकट्या लॅमिव्हुडिनला मात्र हा विषाणू काही वर्षांत दाद देईनासा होतो. त्यामुळे खरा आधार टेनोफोविरचाच. गोळी नियमित घेणाऱ्याचे यकृत अशा प्रकारे त्याच्या नकळतही सांभाळले जाते.

मग अडचण कुठे?

औषध बदलताना किंवा थांबवताना. नव्या इंजेक्शनमधील कॅबोटेग्रॅव्हिर आणि रिल्पिव्हिरिन यांचा हिपॅटायटिस बीवर परिणाम होत नाही. डोल्युटेग्रॅव्हिर-लॅमिव्हुडिन या दोन औषधांच्या गोळीतही टेनोफोविर नसते. मूत्रपिंडाच्या तक्रारीमुळेही काही रुग्णांचे टेनोफोविर बंद करावे लागते. अशा वेळी दबलेला विषाणू उसळी घेतो आणि यकृताला तीव्र सूज येऊ शकते. एचआयव्ही आटोक्यात असतानाही रुग्ण यकृतविकाराने दगावू शकतो. गोळी परस्पर सोडणाऱ्यालाही हाच धोका आहे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. हिपॅटायटिस बीसाठी दिले जाणारे एन्टेकॅव्हिर एचआयव्हीवर अर्धवट काम करते. एचआयव्हीची चाचणी न करता ते एकटेच दिले, तर एचआयव्ही औषधाला न जुमानणारा होऊ शकतो.

चाचणी आणि लशीचे काय?

‘एचबीएसएजी’ ही रक्तचाचणी एआरटी सुरू करतानाच व्हावी, असे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात निदान आणि उपचार मोफत आहेत. तरीही आपल्याकडे हिपॅटायटिस म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे झाडपाल्याचे औषध, हे समीकरण घट्ट आहे. जुनाट हिपॅटायटिस बीमध्ये डोळे पिवळे होतीलच असे नाही. म्हणून लक्षणांची वाट पाहणे महागात पडते.

चाचणी नकारात्मक आणि पूर्वीची प्रतिकारक्षमता नसेल, तर लस हा उपाय आहे. बालकांच्या लसीकरणात ही लस २००२-०३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली आणि २०११ पर्यंत देशभर पोहोचली. आज पंचविशी ओलांडलेल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही. एचआयव्हीबाधितांत लशीचा प्रतिसादही कमी मिळतो, त्यामुळे काहींना जास्त मात्रा द्याव्या लागतात.

पुढे काय?

इंजेक्शनमुळे रोजच्या गोळीची आठवण आणि ती लपवण्याची धडपड संपेल, ही रुग्णांसाठी मोठी सुटका आहे. मात्र बदल करण्याआधी हिपॅटायटिस बीच्या चाचणीचा अहवाल कागदपत्रांत असायलाच हवा. तो सकारात्मक असेल, तर टेनोफोविर असलेली गोळी चालू ठेवणे किंवा हिपॅटायटिस बीसाठी वेगळे औषध जोडणे, हाच सुरक्षित मार्ग.