टेकू लवकर काढू नका

केळीचा घड भरू लागला की रावेर-यावलकडचा शेतकरी झाडाला बांबूचा टेकू लावतो. टेकू लावला म्हणून झाड लंगडं झालं असं कुणी म्हणत नाही. घड उतरायच्या आधी टेकू काढला तर एका वावटळीत झाड आडवं होतं, हे शाळकरी पोरालाही कळतं. पण हेच शहाणपण आपण नशेतून उठणाऱ्या माणसाच्या बाबतीत वापरत नाही. अफू, डोडा, गर्द किंवा कोडीन असलेल्या खोकल्याच्या बाटल्या यांच्या तावडीतून सुटू पाहणाऱ्याला डॉक्टरांनी गोळी सुरू केली की घरचे आणि गावचे एकच प्रश्न विचारतात, "एक नशा सोडून दुसरी लावली का?" या एका प्रश्नापायी चालू असलेले उपचार अर्ध्यात तुटतात. म्हणून आज याच विषयावर चार शब्द.

हा विषय खान्देशाला परका नाही. अफू पिकवण्याचा परवाना केंद्र सरकार मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांना देते, महाराष्ट्राला नाही. पण मंदसौर-नीमचचा तो पट्टा आपल्यापासून फार लांब नाही. मुंबई-आग्रा रस्ता धुळे, सोनगीर, नरडाणा, शिरपूर करत पळासनेरला राज्य सोडतो आणि सेंधव्यावरून माळव्यात शिरतो. बोंडांचा भुसा, म्हणजेच डोडा, पाण्यात उकळून घ्यायची ट्रकवाल्यांची सवय जुनी आहे. मागच्या पिढ्यांत तर कामावर जाणारी आई तान्ह्याला अफूचं बोट चाटवून निजवायची. आता त्यात खोकल्याच्या बाटल्या आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांची भर पडली आहे. दिल्लीच्या एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेली देशव्यापी पाहणी 2019 साली प्रसिद्ध झाली. देशात सुमारे 2 कोटी 26 लाख लोक अफूच्या जातीचे पदार्थ घेतात आणि त्यांतल्या सुमारे 77 लाखांना मदतीची गरज आहे, असा तिचा अंदाज होता. यात आपल्या तालुक्यातलं कुणीच नसेल, असं समजणं म्हणजे डोळे मिटून दूध पिणं होय.

आता मुद्द्याचं. अफू सोडणं इतकं जड का जातं? आपला मेंदू वेदना शमवणारी अफूसारखी द्रव्यं स्वतःही तयार करत असतो. बाहेरून रोज अफू येऊ लागली की शरीर तिच्याच भरवशावर कारभार बसवतं. मग ती अचानक तुटली की सगळा कारभार उलटा फिरतो. गर्द असेल तर शेवटच्या खेपेनंतर आठ-बारा तासांत जांभया सुरू होतात, नाक-डोळे गळू लागतात, अंगावर काटा येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला पोचतो: पोटात मुरडा, जुलाब, उलट्या, हाडं पिळल्यासारखी दुखणी, डोळ्याला डोळा नाही. गर्द ओढणारे याला 'टर्की' म्हणतात; आपल्याकडचा माणूस नुसतं "आंग मोडी ऱ्हायनं भाऊ" म्हणून कण्हतो. आठ-दहा दिवसांत शरीराचा हा भर ओसरतो. पण झोप, उदासी आणि तलफ महिनोन् महिने मागे राहतात. तिसऱ्या रात्री माणूस भिंत ओलांडून पळतो तो हरामखोर असतो म्हणून नव्हे. एका पुडीत हा सगळा त्रास पाच मिनिटांत थांबतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं म्हणून.

इथे औषध कामाला येतं. त्यातलं मुख्य ब्युप्रेनॉर्फिन. ही गोळी जिभेखाली विरघळवायची असते. मेंदूत अफू ज्या जागी जाऊन बसते तीच जागा ही गोळी धरते, पण अफूइतका अंमल चढवत नाही. तलफ शांत होते, अंगदुखी थांबते आणि माणूस शेतावर, गाडीवर, दुकानावर कामाला जाऊ शकतो. नॅलॉक्सोन मिसळलेली गोळीही मिळते. ती विरघळवून सुईने टोचून घेतली तर उलट त्रास होतो, म्हणून तिचा गैरवापर अवघड जातो. दुसरं औषध मेथाडोन. तेही आता देशातल्या काही सरकारी केंद्रांत देतात. ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. ज्यांना ही द्यायची नसतात त्यांना क्लोनिडिन देतात. त्याने घाम, अस्वस्थता, धडधड कमी होते. पण रक्तदाब उतरतो, म्हणून तेही डॉक्टरांच्या नजरेखालीच. जुलाबाला, उलटीला, दुखण्याला वेगळी औषधं आणि भरपूर मीठ-साखरेचं पाणी.

एक गोष्ट मात्र गाठीला बांधून ठेवावी. ब्युप्रेनॉर्फिन घाईने घ्यायचं नसतं. अंगात अफूचा अंमल असतानाच पहिली गोळी घेतली तर टर्की एकदम उसळते, आणि माणूस गोळीलाच विष समजून पळतो. त्रास सुरू झाल्यावर, डॉक्टरांनी पाहून, पहिली मात्रा द्यायची असते. त्यावर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. म्हणून हे औषध कुणाच्या खिशातून मागून घेण्याचं नाही; मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यायचं.

आणखी एक फरक. मालेगाव-धुळ्याकडे 'कुत्ता गोळी' म्हणून जी चालते ती अल्प्राझोलाम, म्हणजे झोपेची गोळी. ती अफूच्या जातीची नव्हे. ती किंवा रोजची दारू एकदम बंद केली तर झटके येऊन माणूस दगावू शकतो. शिरपूरकडच्या डोंगरात पोलीस उपटतात तो गांजाही वेगळा. प्रत्येकाचा उपचार वेगळा. तेव्हा "अमुकला ती गोळी लागू पडली, तीच आणा" असं करू नये. आणि "न सांगता चहात टाका, महिन्यात व्यसन सुटेल" अशी भिंतीवरची चूर्णं तर मुळीच नकोत. त्यांत काय असतं ते विकणाराही सांगत नाही.

मग गोळी किती दिवस? खरा वाद इथेच होतो. घरच्यांना वाटतं, पंधरा दिवस झाले, त्रास गेला, आता बंद करा. पण दोन-तीन आठवडे अफू सुटली की शरीराची ती पचवायची ताकद उतरते. अशा वेळी माणूस घसरला आणि त्याने जुन्याच हिशेबाने मात्रा घेतली, तर तीच मात्रा त्याचा श्वास बंद पाडते. केंद्रातून, तुरुंगातून किंवा कोंडलेल्या खोलीतून बाहेर पडल्यावरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे. गोळी चालू असेल तर हा धोका पुष्कळ कमी होतो. कुणाला ती काही महिने लागते, कुणाला काही वर्षं. कमी करायची ती हळूहळू, डॉक्टर ठरवतील तेव्हा. सासऱ्याने किंवा सरपंचाने ठरवायची नव्हे. ही दुसरी नशा आहे का? नशेत माणूस पुडीमागे घर, बैल, बायकोचे दागिने विकतो. गोळीवर असलेला माणूस सकाळी गोळी घेऊन खळ्यावर जातो. फरक एवढा स्पष्ट आहे.

शेजारच्या राज्यांनी हे अनुभवातून शिकून घेतलं. राजस्थानात परवान्यावर डोडा विकणारी सरकारी मान्यतेची दुकानं होती. ती 2016 साली बंद झाली. दुकान बंद झाल्याने तलफ बंद होत नाही, हे ओळखून त्या सरकारला 'नया सवेरा' नावाने गावोगाव उपचार शिबिरं घ्यावी लागली. पंजाबने 2018 च्या ऑक्टोबरात बाह्यरुग्ण केंद्रांतून ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोनची गोळी द्यायला सुरुवात केली, म्हणजे माणसाला घरी राहून, काम करून उपचार घेता यावेत. आपल्या महाराष्ट्रात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं ते गर्दच्या लाटेतच. औषधाने शरीर सावरतं. पण माणूस सावरायला बोलणारी, ऐकणारी माणसं लागतात, हा त्या कामाचा धडा. गोळी आणि गोष्टी, दोन्ही हव्यात.

आता आपल्याकडे काय करता येईल? धुळ्याला हिरे वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण रावेरहून जळगाव किंवा शिरपूरहून धुळे म्हणजे जाऊन-येऊन दिवस मोडतो, मजुरी बुडते, भाडं लागतं. गोळीसाठी वारंवार तालुका ओलांडणारा मजूर कितीदा जाईल? कोविडच्या काळात, 2020 साली, राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या केंद्रांतून हीच औषधं काही दिवसांची घरी न्यायला दिली गेली. तेव्हा जमलं ते आताही जमावं. आमची जिल्हा परिषदेकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे मागणी साधी आहे: आठवड्यातून एक ठरलेला दिवस ग्रामीण रुग्णालयात मानसोपचार डॉक्टर बसावा आणि कायद्यात बसेल तेवढं औषध तिथेच मिळावं. ग्रामपंचायतींनी तसे ठराव करून पाठवावेत.

गावपातळीवर तर पैसाही लागत नाही. व्यसनी माणसाला ग्रामसभेत उभं करून शपथा घालू नका. त्याने तो लपतो, सुटत नाही. त्याला साखळीने बांधून ठेवणं ही तर कायद्यानेही बंदी असलेली गोष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 ते स्पष्ट सांगतो. पोलीस पाटलांनी एक कलम घरोघर सांगावं: अमली पदार्थविरोधी कायद्याच्या 64-अ नुसार, सेवनाचा किंवा अगदी थोड्या मालाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि त्याने ते पुरे केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. हे संरक्षण विकणाऱ्याला नाही, आणि नसावंच. आशाताईंना कोणत्या घरात काय चाललंय ते आधी कळतं. त्यांनी बभ्रा न करता दोन फोन नंबर द्यावेत. नशामुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

आणि घरच्या माणसांनी? गोळीच्या दिवशी सोबत जावं, गोळीचा हिशेब ठेवावा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ती ठेवावी. माणूस एकदा घसरला तर "सगळं पाण्यात गेलं" म्हणू नये. पुन्हा डॉक्टरकडे न्यावं. एका पावसाने पेरणी वाया गेली म्हणून आपण शेत सोडून देत नाही, दुबार पेरतो. माणसाच्या बाबतीत तेवढा धीर धरता आला तर पुष्कळ घरं उभी राहतील. घड भरेपर्यंत टेकू राहू द्या.