गुलाबी संकासुर

तुमच्या लॅपटॉपवर ‘फायनल’, ‘फायनल 2’ आणि ‘खरंच फायनल’ अशा नावांच्या फाइल्स आहेत? असणारच! मग या आठवड्याची गोष्ट तुमच्यासाठीच आहे. ती आहे एका संकासुराची, त्याच्या झग्याची आणि माझ्या कंजूषपणाची.

साल 2021. वर्क फ्रॉम होम जोरात होतं. मी पुण्यातली रूम सोडून चिपळूणला, बाजारपेठेतल्या आमच्या घरी येऊन बसले होते. मार्चमध्ये शिमगा आला, पण कोरोनाच्या बंधनांमुळे नेहमीची धमाल नव्हती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे शिमग्यात खेळे येतात, त्यांच्याबरोबर गोमू असते आणि संकासुर असतो. अंगात काळा झगा, डोक्यावर उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. लहानपणी त्याला बघून मी आजीच्या पदराआड लपायचे. त्या वर्षी मात्र त्याला जाम मिस केलं.

ठाण्याचा माझा मामेभाऊ इंजिनीअरिंगला होता आणि फावल्या वेळात गेम बनवत होता. तो म्हणाला, “ताई, संकासुराचं मॉडेल मी करतो, कपडे तू कर.” कपडे म्हणजे टेक्श्चर. मॉडेल हा नुसता राखाडी पुतळा असतो. शिंप्याकडे शिवण्याआधी पाठ, पुढा, बाह्या असे तुकडे टेबलावर सपाट पसरलेले असतात ना, तसं पुतळ्याचं अंग एका चौकोनी चित्रावर उलगडायचं. ते चित्र रंगवलं की कॉम्प्युटर ते बरोब्बर पुतळ्यावर चढवतो. माइनक्राफ्ट खेळणाऱ्यांना हे नवं नाही. तिथली स्किन म्हणजे 64 बाय 64 पिक्सेलचं एक चिमुकलं चित्र. त्याआधी व्हाइस सिटीतल्या हीरोचा शर्टसुद्धा ‘स्किन्स’ फोल्डरमध्ये आपली फाइल टाकून बदलता यायचा. सायबर कॅफेत हे उद्योग आपल्यापैकी किती जणांनी केलेत, हात वर करा!

मला वाटलं, काळा झगा तर आहे, पाच मिनिटांचं काम. पण वाडीत संकासुर होणाऱ्या काकांनी ट्रंकेतून खरा झगा काढला आणि मी गप्पच झाले. तो काळा नव्हताच. खांद्यावर उन्हाने विटलेला, काखेत घामाच्या मिठाची पांढरी रेघ, खालच्या काठाला वर्षानुवर्षांची जांभ्याची तांबडी माती. मी अंगणात चाळीसेक फोटो काढले. ते जोडून, रंगवून, 2048 बाय 2048 पिक्सेलचं टेक्श्चर बनवलं. दोन महिने शनिवार-रविवार त्यातच गेले.

मग ब्लेंडरची फाइल भावाला मेल केली. दहा मिनिटांत फोन. “ताई, तुझा संकासुर गुलाबी झालाय!”

शिमगा झाला नुसता! कारण साधं आहे. ब्लेंडरच्या फाइलमध्ये चित्र आपोआप भरलं जात नाही, ते कुठल्या फोल्डरमध्ये आहे तेवढा पत्ता लिहिलेला असतो. दुसऱ्याच्या मशिनवर त्या पत्त्यावर काहीच सापडत नाही आणि मॉडेल भडक गुलाबी दिसतं. उपाय दोन. फाइल मेन्यूत एक्स्टर्नल डेटामध्ये जाऊन ‘पॅक रिसोर्सेस’ करा, म्हणजे चित्र फाइलच्या पोटात जातं. नाहीतर टेक्श्चरच्या फोल्डरसकट सगळं झिप करून पाठवा. मी पॅक केलं आणि पाठवलं.

भाऊ म्हणाला, “मूळ फोटो आणि लेयर्सवाली फाइलपण दे ना, माझ्याकडे राहील.” मी म्हटलं, कशाला? आज तू घेशील, उद्या मित्राला देशील, परवा माझा झगा कुठल्यातरी झोंबीच्या अंगावर दिसेल. नाही म्हणजे नाही. सगळं माझ्या हार्ड डिस्कवर, कपाटात, कुलपात.

22 जुलै 2021. चिपळूणकरांना पुढे काही सांगायला नको. वाशिष्ठीचं पाणी पहाटे बाजारपेठेत शिरलं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो म्हणून वाचलो. कपाट खाली होतं. चिखलातून काढलेली डिस्क मी आठवडाभर वाळवली, पुण्याला नेऊन दाखवली. काही उपयोग झाला नाही. फोनवरचे फोटो जागा मोकळी करायला मी आधीच उडवले होते. उरली ती एकच गोष्ट, भावाकडे गेलेली पॅक केलेली फाइल.

पुढच्या शिमग्याआधी काकांनी नवा झगा शिवला. म्हणजे तो विटलेला खांदा, ती तांबडी किनार आता फक्त भावाच्या कॉम्प्युटरवर आहे. लेयर्स नाहीत, फोटो नाहीत, जेवढं दिलं होतं तेवढंच.

आमच्या गावातलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासूनचं. 2005 च्या पुरात तिथली पुस्तकं भिजली, 2021 मध्ये पुन्हा. छापील पुस्तक परत आणता येतं, कारण त्याची प्रत दुसऱ्या कुठल्यातरी गावात, कुणाच्यातरी घरी असते. एकुलतं एक हस्तलिखित गेलं की गेलं. माझा झगा मी स्वतःच्या हाताने एकुलता एक करून ठेवला होता!

तर मंडळी, आता मी काय करते ते सांगते. टेक्श्चर पीएनजीमध्ये सेव्ह करते. जेपीजी प्रत्येक सेव्हला थोडं बिघडतं आणि त्यात पारदर्शक भाग राहत नाही. लेयर्सची फाइल वेगळी ठेवते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवते, नाहीतर त्याची पार भेळ होते. प्रती तीन, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात.

आणि झोंबीचं काय? मी शेवटी काकांनाच विचारलं, हे सगळ्यांना देऊ का? ते हसले. “दे की. वाडीचं नाव घाल म्हणजे झालं.” क्रिएटिव्ह कॉमन्सचं ‘बाय’ लायसन्स नेमकं हेच सांगतं. हवं तसं वापरा, नाव मात्र द्या. एकदा दिलं की मागे घेता येत नाही, तेव्हा विचार करूनच द्या. मी विचार केला आणि दिलं, वाडीच्या नावासकट.

भावाच्या गेममध्ये संकासुर आता धावतोय. झूम केलं की काठाची तांबडी माती अजून दिसते. तुमच्या त्या ‘खरंच फायनल’ फाइलची दुसरी प्रत कुणाकडे आहे? या वीकेंडला पाठवून टाका. आणि समोरून फोन आला की सगळं गुलाबी दिसतंय, तर घाबरू नका. पॅक करा आणि परत पाठवा!